बादलीला हुद्दा नसतो

आमच्या स्क्वाड्रनचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं त्याला कारण कँटीनचा फळा. त्यावर मी एकदा 'आजचं मांस : चौकशी चालू आहे' असं लिहिलं होतं. ते वाचून कर्नल स्टॅनफिल म्हणाला की या होर्वातच्या हाताला भाषा आहे. हवाई दलात कोणी तुमच्यात गुण बघितला की समजायचं, त्याची शिक्षा मागून येते आहे.

आम्ही राखीव. म्हणजे महिन्यातला एक शनिवार-रविवार आणि उन्हाळ्यातला एक पंधरवडा देशाचं रक्षण करणारे. उरलेले दिवस देशाने स्वतःचं स्वतः बघायचं. आमच्याकडे चार पंख्यांची, जाड पोटाची मालविमानं आहेत. मी त्यांच्यावर लोडमास्टर. माल बांधायचा, माणसं बांधायची, आणि यातलं काहीही हवेत सुटणार नाही याची काळजी घ्यायची. दोघांत माल जास्त समजूतदार असतो.

बाकीच्या दिवसांत मी लाडो मामाबरोबर घरोघरच्या मैल्याच्या टाक्या उपसतो. ओहायोच्या आमच्या कोपऱ्यात पोलादाचे कारखाने बंद पडले, त्यांच्या पाठोपाठ दुकानं, शाळा, एक सर्कस असं बरंच काही बंद पडलं. लोकांनी तेवढी ही एक गोष्ट चालू ठेवली. मामाच्या गाडीवर पिवळ्या अक्षरांत लिहिलंय, 'तुमचा काल, आमचा आज'. लोक म्हणतात, होते रे सवय. मला झाली नाही. झाकण उघडलं की अजून पोटातून उमासा येतो. शुक्रवारी चर्चमध्ये तळलेल्या माशाचं जेवण असतं, तिथे माझ्या शेजारची खुर्ची कायम रिकामी. मी घासून आंघोळ करून जातो, पण ते खुर्चीला माहीत नसतं.

त्यामुळे मला एकच गोष्ट हवी होती. स्क्वाड्रनमध्ये लोडमास्टरची कायमची, पूर्ण आठवड्याची एक जागा आहे. तिच्यावर रोझेला डिपिएरो होती आणि ती निवृत्त होणार होती. सगळं स्क्वाड्रन तिला 'झिया' म्हणतं. तिच्या आजोळच्या इटालियनमध्ये मावशी. झिया गेली की जागा रिकामी, आणि त्या जागेवर कोण हे कर्नल स्टॅनफिलच्या सहीवर. सही झाली की पाइप, टाकी, मामा, सगळं सुटणार होतं. कर्नलने सही अजून केली नव्हती. तो म्हणाला होता, आधी इतिहास बघू.

इतिहास असा होता. महायुद्धाच्या अखेरीला एका बटाट्याच्या शेतात आमच्या स्क्वाड्रनची स्थापना झाली. लढाईवर निघण्याचा पहिला हुकूम पोचला तेव्हा लढाई संपून लोक नाचत होते. त्यानंतर सरकारने आम्हाला अनेकदा बरखास्त केलं, त्यातलं एकदा चुकून. चुकून केलेली बरखास्ती लक्षात यायला वेळ लागला, तोवर सगळे नेमाने शनिवारी येऊन विमानं पुसत होते. पुढे आम्ही एका गव्हर्नरची बक्षीसपात्र गाय उडवली, लष्कराचा बँड उडवला, तोही गायीच्याच विमानातून आणि गायीच्या नंतर लगेच. मध्य अमेरिकेत चक्रीवादळ झालं तेव्हा तिथे मदत घेऊन सर्वांत आधी पोचलो ते आम्ही. खोकी उघडली तर आत बर्फ उपसायची फावडी. वर्षानुवर्षांनी तिथला एक पाद्री भेटला. तो म्हणाला की फावडी उत्तम होती, चिखलाला चालली.

हे सगळं मी मनापासून लिहिलं होतं. मला हे स्क्वाड्रन आवडायचं. शनिवारी सकाळी इंधनाचा वास नाकात गेला की आठवडाभराचं नाक धुऊन निघायचं.

कर्नलने लाल पेन्सिल घेतली. गाय गेली, बँड गेला, फावड्यांच्या जागी 'अत्यावश्यक सामग्री' आली. मग तो बादलीच्या पानावर आला आणि त्याने पेन्सिल खाली ठेवली.

बादलीचं सांगायला हवं. आमच्या विमानात संडास नाही. मागच्या उताराच्या दाराशी एक बादली आहे, आत प्लास्टिकची पिशवी, वर झाकण आणि भोवती एक पडदा. पडदा लाजेपुरता. आणि नियम असा, की उड्डाणात जो पहिल्यांदा बादली वापरेल, उतरल्यावर ती त्याने उचलून न्यायची आणि रिकामी करून, धुऊन आणायची. पहिल्यानंतर कितीही जणांनी वापरली तरी हरकत नाही, उचलायची पहिल्यानेच. म्हणून आमच्याकडे अटलांटिकवरून रात्रभर घाम गाळत, मांडीवर मांडी दाबून बसलेले शूर लोक आहेत. कोणीतरी दुसरा आधी फुटेल या एका आशेवर माणूस समुद्र ओलांडतो.

याला आमच्या स्क्वाड्रनने एक विधी जोडला आहे. बादलीवाला खाली उतरतो तेव्हा सगळे दोन रांगा करून उभे राहतात. सर्वांत जुना लोडमास्टर विचारतो, 'कोणाचं?' बादलीवाला सांगतो, 'माझं.' मग सगळे त्याला कडक सलाम ठोकतात. तो बादली घेऊन रांगांमधून चालत जातो आणि तोवर रांग मोडत नाही.

आता पुरुषांना विमानाच्या भिंतीला एक नळी असते, त्यांचं अर्धं काम तिथे भागतं. झिया आली तेव्हा स्क्वाड्रनमध्ये ती एकटी बाई. तिला नळीचा उपयोग नाही, म्हणजे प्रत्येक लांब उड्डाणात बादली तिच्याच हातात. रांगेतले लोक सलाम ठोकायचे आणि गालातल्या गालात हसायचे. तिने राजीनामा लिहून खिशात ठेवला होता. मग एकदा परतीच्या वाटेवर तेव्हाचा प्रमुख, कर्नल हेडिंगर, याचं पोट बिघडलं. उतरले तेव्हा गारा पडत होत्या. एका कॅप्टनने पुढे होऊन बादलीला हात घातला तर हेडिंगर म्हणाला, हात काढ, ही माझी आहे. त्या उड्डाणावर लोडमास्टर एकटी झिया, म्हणून तिनेच विचारलं, 'कोणाचं?' आणि तो गारांच्या आवाजावरून ओरडला, 'माझं.' गारा टोपीवर ताडताड वाजताहेत, आणि एक पूर्ण कर्नल बादली घेऊन रांगांमधून चाललाय. त्या दिवसानंतर झियाला कोणी हसलं नाही. राजीनाम्याचा कागद कपडे धुताना विरून गेला.

"साऱ्या हवाई दलात ही एक वस्तू अशी आहे पोरा, जिला हुद्दा नसतो," असं ती मला म्हणाली होती. ते वाक्य मी जसंच्या तसं घातलं होतं.

कर्नल स्टॅनफिलने त्या पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारली. "होर्वात, मैला आणि इतिहास एका पानावर येत नाहीत."

"ओळख बरीच जुनी आहे सर त्यांची," मी म्हणालो.

तो हसला नाही. त्याला वर्धापनदिनाला मोठा पाहुणा बोलवायचा होता, जनरल व्हिटकॉम. कर्नलच्या खांद्यावर जनरलपदाचा तारा लागायचा की नाही हे हा जनरल ठरवणार होता. त्यामुळे गेले काही महिने कर्नल ताऱ्याकडे बघून चालत होता आणि खाली काय आहे ते बघायची कामं आमच्याकडे होती.

वर्धापनदिनी आमच्या सर्वांत म्हाताऱ्या विमानाचं शेवटचं उड्डाण ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी ते वाळवंटातल्या मोडीत काढलेल्या विमानांच्या तळावर जाऊन कायमचं उभं राहणार. जनरल, कर्नल आणि स्क्वाड्रनचे जुने म्हातारे सभासद यांना घेऊन दरीवरून एक मोठी चक्कर, मग हँगरमध्ये जेवण, मग मी इतिहास वाचायचा. झियाचंही ते शेवटचं उड्डाण.

आदल्या संध्याकाळी जनरलला आमच्याकडच्या तेलात मुरवलेल्या तिखट मिरच्या वाढल्या होत्या. पाहुण्याने दोन खाव्यात आणि पाणी मागावं अशी रीत आहे. जनरलने बरणी संपवली आणि कर्नलने प्रत्येक मिरचीला मान डोलावली.

विमान उडालं. म्हाताऱ्यांना मी भिंतीकडेच्या जाळीच्या बाकांवर बांधलं, कानांत बोळे दिले. जनरलला मागच्या खिडकीतून दरी बघायची होती, म्हणून त्याला लांब तारेचा हेडफोन दिला. त्या हेडफोनवर बोलायला बटण दाबावं लागतं. पाहुण्यांना ते जमत नाही, म्हणून मी त्याचा माइक कायम चालू करून ठेवला. इथे सांगून ठेवतो, की विमानातल्या सगळ्या हेडफोनांची लाइन एकच असते. एक बोलला की पुढचे दोन्ही वैमानिक, इंजिनिअर, मी, झिया, सगळ्यांच्या कानात तेच.

नदीचं वळण आलं तेव्हा जनरलने दरीचं कौतुक केलं. पुढच्या वळणावर तो गप्प झाला. ऊन तापलं होतं, विमान खालून चाललं होतं, आणि अशा वेळी ते बैलगाडीसारखं हादरतं. जनरलच्या चेहऱ्याचा रंग आधी मेणासारखा, मग पिकायला टाकलेल्या टोमॅटोसारखा झाला. त्याने इकडेतिकडे बघितलं. मी अदबीने पडदा दाखवला.

तो आत गेला. पडद्याच्या खालून हेडफोनची काळी तार त्याच्यामागोमाग आत गेली.

नंतर आमच्या कानांत जे आलं ते मी सविस्तर सांगणार नाही. एवढंच म्हणतो, की टाक्या उपसण्याच्या आयुष्यात मी वस्तू तयार झाल्यावर बघितली होती, तयार होताना ऐकायची वेळ पहिल्यांदाच आली. मध्येच जनरलने देवाला हाक मारली आणि मिरच्यांच्या आईला. पुढे वैमानिकाने विमान आपण होऊन थोडं वर, शांत हवेत नेलं. झिया पुढच्या दाराशी बसली होती, तिने डोळे मिटून घेतले होते.

कर्नलच्या कानांत नुसते बोळे होते. त्याने पडद्याकडे बघितलं, जनरलच्या रिकाम्या जागेकडे बघितलं, आणि नियम त्याच्या लक्षात आला. तो धडपडत माझ्याकडे आला, माझ्या कानाशी तोंड आणून काहीतरी बोलला. इंजिनांच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. मग त्याने भिंतीवरचा जादा हेडफोन ओढून डोक्याला लावला, बटण दाबलं आणि हळू आवाजात, खाजगी बोलल्यासारखं बोलायला लागला. हा माणूस स्वतः वैमानिक. पण गेली कित्येक वर्षं त्याने टेबलच उडवलं होतं.

"होर्वात, नीट ऐक. बादली तू वापरलीस. जनरलसाहेब आत गेलेच नाहीत, समजलं? उतरल्यावर तू उचलायची, विचारलं की 'माझं' म्हणायचं. तुला त्याचं काय, तुझा रोजचा धंदा आहे. सोमवारी कायमच्या जागेवर सही करतो."

मी त्याला हाताने खूण केली, की सर, लाइन. त्याला वाटलं मी जास्त मागतो आहे.

"सही नक्की. शब्द देतो," तो म्हणाला.

मग पडद्याआडून, आमच्या सगळ्यांच्या कानांत, जनरलचा आवाज आला. दमलेला होता, पण मोकळा.

"स्टॅनफिल, पोरगा चांगला वाटतो. देऊन टाक त्याला ती जागा. आणि कोणीतरी कागद पाठवा."

कर्नलचं बटणावरचं बोट तसंच राहिलं. आपलं बोलणं कुठवर पोचलं हे त्याला कळलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला असेल. मी बघितला नाही, मी कागद शोधत होतो. पडद्याच्या फटीतून मी गुंडाळी आत दिली. एक हात बाहेर आला, त्याने ती घेतली, आणि जाताजाता माझं मनगट थोपटलं. शाबासकी म्हणून. हात ओला होता.

माझ्या पोटातून तो ओळखीचा उमासा आला, झाकण उघडल्यासारखा. पण झाकण तर आता बंद झालं होतं. जनरल बाहेर आला, पट्टा नीट केला, खिडकीशी उभा राहिला आणि दरी किती हिरवी आहे म्हणाला.

उतरेपर्यंत मी मनगट पँटला पुसत होतो आणि हिशेब करत होतो. एकदा बादली उचलायची की आयुष्यभर पाइप उचलायचा? हिशेब सोपा होता. एक शब्द बोलायचा, तोही दोन अक्षरांचा. मामा म्हणाला असता, मूर्खा, विचार कसला करतोस. नाही, म्हणाला नसता. पहिल्या दिवशी मला टाकीवर उभं करून मामाने एकच गोष्ट शिकवली होती: दुसऱ्याची घाण उपसायची, पण ती आपली आहे असं कधी म्हणायचं नाही; एकदा म्हटलंस की लोक आणून टाकत बसतील.

विमान थांबलं, उतार खाली गेला. सगळे उतरले. म्हातारेसुद्धा विधी माहीत असल्यामुळे काठ्या टेकत, एकमेकांना धरत दोन रांगा करून उभे राहिले. जनरल रांगेच्या टोकाला कर्नलजवळ उभा होता, टोपी घालून, समारंभ बघायला आलेल्या माणसासारखा. मी बादली घेऊन उतारावरून खाली आलो. वजन होतं. ज्याने बरणीभर मिरच्या खाल्ल्या त्याचं असतं तेवढं.

झिया समोर येऊन उभी राहिली. तिने सगळं ऐकलं होतं. जागा तिचीच होती, ती मला मिळावी म्हणून तिने स्वतः दोनदा शब्द टाकला होता. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, ना आग्रह, ना माफी. रोज विचारावं तसं तिने विचारलं.

"कोणाचं?"

मी तोंड उघडलं ते 'माझं' म्हणायलाच. खरंच सांगतो. पण मनगट अजून ओलं वाटत होतं.

"जनरलसाहेबांचं," मी म्हणालो. आणि चालत जाऊन बादली जनरलच्या बुटांसमोर ठेवली.

सलाम कोणी ठोकला नाही. वारा होता, झाकण किंचित वाजत होतं. जनरलने बादलीकडे बघितलं, स्टेशनवर दुसऱ्याची बॅग आपल्या पायाशी सापडली तर बघतात तसं. मग तो कर्नलला म्हणाला, "तुमच्या लोकांचं काय आहे ते बघून घ्या," आणि हँगरकडे चालू लागला. तिथे जेवण होतं.

रांग मोडली नाही. बादली जाईपर्यंत मोडत नाही. आम्ही उभे, म्हातारे काठ्यांवर उभे. कर्नलने मला डोळ्यांनी हुकूम दिला. मी समोर बघत राहिलो. त्याने झियाकडे बघितलं. ती म्हणाली, "मी विचारायला उभी आहे सर. उचलायला नाही."

तेव्हा हँगरच्या दारात जनरल वळला आणि त्याने घड्याळ बघितलं. फक्त घड्याळ. कर्नल स्टॅनफिल वाकला आणि त्याने बादली उचलली.

"कोणाचं?" झियाने विचारलं.

कर्नलने हँगरकडे बघितलं, मग खांद्याच्या त्या जागेकडे जिथे अजून काही नव्हतं.

"माझं," तो म्हणाला.

नियम म्हणजे नियम. आम्ही त्याला कडक सलाम ठोकला आणि तो रांगांमधून गेला.

आणि इथे सगळ्यांत घाणेरडी गोष्ट झाली. म्हाताऱ्यांचे कान याच विमानांनी खाल्लेले. विमानात पुढच्या बाकांवरून पडद्याआड कोण गेलं ते त्यांना दिसलं नव्हतं, आणि माझं 'जनरलसाहेबांचं' त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. त्यांना दिसलं ते एवढंच, की स्क्वाड्रनचा प्रमुख, पूर्ण कर्नल, जुन्या रिवाजाप्रमाणे स्वतःची बादली स्वतः घेऊन चालला आहे. माझ्या शेजारचा म्हातारा सलाम ठोकलेल्या हाताने डोळे पुसायला लागला. तो मला म्हणाला, "हेडिंगरनंतर असा माणूस झाला नाही रे." मला त्याला सांगायचं होतं. पण त्याचा चेहरा इतका उजळला होता की माझ्याच्याने झालं नाही. तेही पोटात गेलं, बाकीच्याबरोबर.

हँगरमध्ये बिस्किटांचं टेबल मांडलं होतं. आमच्या दरीत लग्न असो की वर्धापनदिन, त्याशिवाय होत नाही. घरोघरच्या बायका दिवसचे दिवस भाजतात आणि टेबल भिंतीपासून भिंतीपर्यंत जातं. अक्रोडाच्या सारणाचे कोलाची होते, पापडासारख्या पातळ, नक्षीदार पिझेल होत्या, सगळ्यांवर पिठीसाखर. जनरल टेबलाशी उभा होता. तो विमानातून थेट तिथे आला होता. हात धुवायची खोली दुसऱ्या टोकाला होती, आणि त्या टोकाला तो गेला नव्हता.

त्याने एक कोलाची उचलला, बोटांनी दाबून बघितला, परत ठेवला. दुसरा उचलला. मग अख्खी थाळी हातात घेऊन ती आमच्यापुढे फिरवू लागला, मोठ्या मनाने. इंजिनिअर म्हणाला, मला साखर चालत नाही. एक वैमानिक म्हणाला, उपास आहे. दुसरा म्हणाला, मलाही तोच उपास आहे. मी म्हणालो, माझ्या धंद्यात आम्ही टेबलाजवळ उभे राहत नाही. झियाने त्या थाळीतले कोलाची स्वतः भाजले होते. ती दुसरीकडे गेली.

थाळी कर्नलपुढे आली. जनरलने त्याच्यासाठी एक कोलाची स्वतःच्या बोटांनी निवडला. "घे," तो म्हणाला. कर्नलने घेतला. त्याने तो सगळा खाल्ला, बोटांवरची साखरही चाटली, आणि फारच छान आहे म्हणाला.

मी दारापर्यंत पळालो. नुसत्या कोरड्या ओकाऱ्या.

परत आलो तेव्हा कर्नल माझ्या खुर्चीशी वाट बघत होता. त्याच्या श्वासाला अक्रोडाचा वास होता. त्याने हळू, आणि या वेळी खरोखरच हळू, सांगितलं की अजून काही बिघडलेलं नाही. इतिहासाच्या शेवटी एक ओळ वाच: अखेरच्या उड्डाणात स्क्वाड्रनच्या प्रमुखांनी स्वतः परंपरा राखली. तेवढी वाचलीस की सोमवारी सही.

"जनरलसाहेबांनाही ती ओळ आवडली," तो म्हणाला.

मी उठलो आणि वाचलं. पण त्याने लाल केलेली प्रत बाजूला ठेवून माझी वाचली. गाय वाचली, बँड वाचला, फावडी वाचली. म्हातारे टेबलं बडवून हसले. ज्यांना ऐकू येत नव्हतं त्यांना शेजारचे ओरडून सांगत होते. हेडिंगरच्या गारा वाचल्या तेव्हा कोणी हसलं नाही. बादलीला हुद्दा नसतो, हे झियाचं वाक्य मी तिच्या नावासकट वाचलं. ती उभी राहिली नाही, फक्त टेबलावरचा पिठीसाखरेचा थर हाताने पुसत बसली.

शेवट माझ्याकडे लिहिलेला नव्हता. कर्नल माझ्याकडे बघून हळूहळू मान डोलावत होता, काल मिरच्यांना डोलावली तशी.

मी म्हणालो, "आजच्या, शेवटच्या उड्डाणात बादली कोणी वापरली, याबद्दल इतिहासात दोन मतं आहेत. दोन्ही मतं या क्षणी पहिल्या टेबलावर बसून एकाच थाळीतून बिस्किटं खात आहेत."

आणि बसलो.

कर्नलला पुढच्या वसंतात तारा मिळाला. त्याच्या सत्कारात 'प्रसंगी स्वतःच्या हातांनी' असे शब्द होते म्हणे. कायमच्या जागेवर दुसऱ्या एका तळावरचा कोणीतरी आला. चांगला आहे, लांबच्या उड्डाणांत काहीच खात नाही. झिया निवृत्त झाली. तिने मला डबाभर कोलाची पाठवले. त्यावर चिठ्ठी होती, की हे कोणीही दाबून बघितलेले नाहीत.

वर्धापनदिनानंतरच्या सोमवारी सकाळी लाडो मामाने गाडी दाराशी आणली होती.

"झाली का रे सही?" त्याने विचारलं.

"नाही."

"बरं," मामा म्हणाला आणि पाइप माझ्याकडे दिला.

गावाबाहेरच्या एका घरी गेलो. अंगणात टाकी तुंबून वर आली होती. मी झाकण उघडलं, उमासा आला, गिळला. इतक्यात घरातून एक माणूस बाहेर आला, सपाता घालून, दाढी वाढलेली, कॉफीचा कप हातात. टाकीकडे बघून तो खजील झाला, कप लपवू की काय अशा बेतात होता.

"माफ करा हो," तो म्हणाला. "परवा पोरीचं लग्न झालं, सगळी पाहुणेमंडळी इथेच उतरली होती. पण दुसऱ्या कोणाला कशाला नावं ठेवू, आमचंच आहे सगळं."

मी पाइप खाली ठेवला, टाचा जुळवल्या आणि त्याला कडक सलाम ठोकला.

त्या माणसाने गोंधळून कप डाव्या हातात घेतला आणि उजव्याने परत केला. मामा गाडीजवळून ओरडला, की भाच्या, पंप चालू करू की राष्ट्रगीत लावू?